हेप्टागॉनमधला सप्त

जून उजाडला की कुणी ना कुणी पालक विचारतातच, "मुलगी सेमी-इंग्रजीला आहे. पंचकोन, षटकोन तिला छान यायचं. आता पेंटागॉन, हेक्सागॉन, हेप्टागॉन... ही ग्रीक नावं पाठ कशी करून घ्यायची?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पाठ करून घेऊच नका. ही नावं तिच्या नात्यातली आहेत.

ग्रीक आणि संस्कृत एकाच जुन्या भाषेतून फुटल्या. संस्कृतातून ग्रीक निघाली असं मात्र मुलांना सांगू नका, ते खरं नाही. या दोघी बहिणी, आणि बहिणींच्या चेहऱ्यात जसा ठरावीक फरक असतो तसा त्यांच्या उच्चारांत आहे. शब्दाच्या आरंभी स्वराआधी जिथे आपल्याकडे 'स' राहिला, तिथे ग्रीकमध्ये 'ह' झाला. म्हणून इकडे सप्त, तिकडे हेप्टा. इकडे सम, तिकडे होमो. सर्प आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं शास्त्र हर्पेटॉलॉजी, यांचंही तेच. षट् आणि हेक्सा याच ओळीत बसतात. लॅटिनने मात्र 'स' सोडला नाही. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं, त्यातला सातवा महिना सप्टेंबर.

मला सगळ्यात आवडते ती चार-पाचची जोडी. चतुर् आणि टेट्रा ऐकायला किती लांबचे वाटतात! पण शेजारी पंच आणि पेंटा ठेवून पाहा. दोन्हीकडे आपल्या 'च'च्या जागी ग्रीक 'ट' आहे. मूळ भाषेतला 'क्व'सारखा एकच उच्चार इकडे 'च' झाला, तिकडे 'ट'. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी दुसरं काही शिकवूच शकले नव्हते.

अष्ट-ऑक्टा, दश-डेका यांत आपल्या ष-शच्या जागी 'क' दिसेल. वीस पृष्ठांच्या आयकोसाहेड्रॉनला मुलं घाबरतात. तिथेही विंशति आणि आयकोसा शेजारी लिहा. 'श'च्या जागी 'क' आहेच, आणि सुरुवातीचा 'व' ग्रीकमध्ये गळून पडला आहे.

एक नाव मात्र पूर्ण ग्रीक नाही. नोनागॉन म्हणजे नवकोन, त्यातला 'नोना' लॅटिन आहे, ग्रीक रूप एनिआगॉन. पुस्तकांत नोनागॉन रुळलाय, तर मुलीला तोच लिहू द्या.

१७९६ साली गाउस या १८ वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने दाखवून दिलं की फक्त पट्टी आणि कंपास वापरून सतरा समान बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. या आकृतीचं नाव मी वर्गात फळ्यावर लिहिते, अर्थ सांगत नाही. हेप्टाडेकागॉन. मुलं पुटपुटत राहतात, हेप्टा म्हणजे सप्त, डेका म्हणजे दश... सप्तदश... आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "बाई, सतरा!" आपला सतरासुद्धा सप्तदश झिजूनच झालेला आहे, हे मी त्यांना त्यानंतर सांगते.