मंडई ते लाल देऊळ, पायी पायी

रविवारी सकाळी साडेसातलाच पुण्याच्या मंडईत पोचलो, मित्र मॅप उघडत होता, म्हटलं ठेव तो खिशात, आज पेठांमधून चालतच कॅम्पात जायचं.

मंडईची इमारत १८८६ ची. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यातून निघालेले आठ हात, त्यामुळे पुढचं दार मागचं दार असं काही नाहीच, कुठूनही शिरा. फुले नगरपालिकेत असताना त्यांनी हिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला लावा म्हणून, आणि आज नाव त्यांचंच आहे.

तिथून गंज पेठेत फुलेवाड्यावर. मी चार-पाचदा गेलोय, पण यावेळी हौदापाशी बराच वेळ थांबलो. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सार्वजनिक पाणवठ्यावर ज्यांना हात लावू देत नव्हते त्यांना थेट स्वतःच्या घरातलं पाणी. हौद तोच, दगड तोच, एक भिंत पण नवीन बांधली नाही, फक्त यायचं कोणी हे बदललं आणि आख्ख्या वाड्याचा अर्थच बदलला. आर्किटेक्चर शिकवताना हे पहिल्या दिवशी दाखवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि तिथे उभं असताना मला आमची सोसायटी आठवली. कामाला येणाऱ्या मावशींसाठी वेगळी लिफ्ट, तसा बोर्डच लावलाय, आणि डिलिव्हरीची पोरं गेटबाहेर उन्हात उभी, बसायला साधा कट्टा नाही की प्यायला पाणी नाही. वाईट वाटलं, खूपच.

पुढे गुरुवार पेठेत पंचहौद, चर्चचा तो उंच घंटाघर लांबूनच दिसतो. इथल्याच मिशनमधे १८९० मधे टिळक, रानडे वगैरे मंडळी मिशनऱ्यांकडचा चहा प्यायली म्हणून केवढं ग्रामण्य झालं, म्हणजे धर्म बाटवल्याचा खटलाच, प्रायश्चित्तापर्यंत गेलं प्रकरण. एक कप चहा! मग क्वार्टर गेटचं सिटी चर्च, त्याची जागा पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिश्चन सैनिकांसाठी सवाई माधवरावांनी दिलेली.

शेवटी लाल देऊळ. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससूननी बांधायला घेतलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८६७ ला पूर्ण झालं, ससून त्याआधीच १८६४ ला गेले, त्यांची कबर याच आवारात आहे. लाल विटा, वर उंच टोकदार मनोरा, पहिल्यांदा बघणाऱ्याला चर्चच वाटतं. पण पुणेकरांनी सरळ देऊळ म्हणून टाकलं, आपल्या घरातला शब्द दिला, मला ते फार आवडतं. सिक्युरिटीमुळे आत जाता आलं नाही, बाहेरूनच पाहिलं आणि रिक्षा केली.

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. लिफ्टवरचा बोर्ड काढा आणि गेटपाशी एक बाक आणि एक माठ ठेवा, असं लेखी देतोय, माठाचे पैसे मी भरीन.