कॉलर माईक फॅन्टमवर : तिसरी डबी चालली

दोन महिन्यांपूर्वी आमच्या आळीतल्या विठ्ठल मंदिरात कीर्तन रेकॉर्ड करत होतो. पूर्वरंग छान झाला. बुवांना बुक्का लावला, हार घातला, आख्यान लागलं, आणि दहाव्या मिनिटाला आवाज आधी फाटला, मग गेलाच. कॉलर माईकमधला एलआर44 सेल संपला होता. आदल्या रविवारपासून स्विच चालूच राहिलेला, चूक माझीच. पण मिक्सर माईकच्या वायरीतूनच 48 व्होल्ट देतो (यालाच फॅन्टम म्हणतात), ते फुकट पडून असताना शर्टाच्या गुंडीएवढ्या सेलच्या जिवावर का बसायचं, हा किडा तेव्हापासून डोक्यात आहे.

पहिला प्रयत्न म्हणजे शुद्ध मूर्खपणा. बाजारातून 3.5 मिमी जॅक ते कॅनन (मिक्सरला लागणारा तीन पिनांचा प्लग) अशी तयार केबल आणली, बिनसेलचा दुसरा एक स्वस्तातला कॉलर माईक लावला आणि फॅन्टमचं बटण दाबलं. फट्ट! नंतर नुसती खरखर. केबल उघडली तर आत फक्त तारा : जॅकचं टोक पिन 2 ला, पिन 3 आणि पिन 1 (ग्राउंड) एकत्र.

मिक्सरमध्ये दोन्ही पिनांना 6.8 किलोओमचा रेझिस्टर असतो, तो वाचवेल असा माझा समज होता. गणित केलं असतं तर कळलं असतं. कॉलर माईकची कॅप्सूल (आवाज पकडणारा दाणा) घेऊन घेऊन 0.3 मिलिअँप घेते. तेवढ्या करंटला 6.8 किलोओमवर पडणार दोन व्होल्ट. उरलेले 46 थेट तिच्या आतल्या एफईटीच्या (एक छोटा ट्रान्झिस्टर) डोक्यावर, आणि त्याची कमाल मर्यादा 10 व्होल्ट. शिवाय जमिनीत गाडलेल्या पिन 3 मधून 7 मिलिअँप वाया जातात ते वेगळेच. तेव्हा मंडळी, नुसत्या तारांची केबल आणि फॅन्टम यांची भेट घडवू नका.

(48 हा आकडा आला कुठून? 1966 साली न्यूमन या जर्मन माईक कंपनीने नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी ट्रान्झिस्टरचे माईक दिले. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी 48 व्होल्टची लाईन आधीच होती, तीच माईकला जोडली. तिकडच्या अंधाऱ्या हिवाळ्याचं बिल आपण अजून भरतोय.)

दुसरी डबी साधी केली. दोन्ही पिनांवरून 10-10 किलोओम घेऊन एका जागी जोडले, तिथे झेनर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर धरून ठेवणारा डायोड) आणि मोठा कपॅसिटर, पुढे माईक. माईक जगला! पण आवाज इतका बारीक की गेन जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागला आणि सोबत पंख्यासारखा सूं आवाज. कॅप्सूलचा लोड 10 किलोओमचा, मिक्सरचा इनपुट दोन-तीन किलोओमचा, त्यामुळे अर्ध्याहून जास्त सिग्नल दारातच खाल्ला जातो. मध्ये बफर, म्हणजे सिग्नल न खाता पुढे ढकलणारं सर्किट, हवाच.

म्हणून तिसरी. रचना जुनीच आहे, मोठ्या कंडेन्सर माईकांच्या आउटपुटला असते तशी : दोन पीएनपी ट्रान्झिस्टर (प्रत्येकाला तीन पाय : बेस, एमिटर, कलेक्टर), एमिटर पिन 2 आणि पिन 3 ला, दोन्ही कलेक्टर एकत्र 9.1 व्होल्टच्या झेनरवर. ट्रान्झिस्टरमधून जो करंट वाहतो तोच झेनरला पोसतो आणि झेनर माईकला. सिग्नल एकाच बेसला द्यायचा, दुसरा बेस कपॅसिटरने ग्राउंडला. पिन 3 वर आवाज नसतो, पण तिचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) पिन 2 इतकाच, त्यामुळे वायरीत शिरलेली गुणगुण दोन्हीकडे सारखी येते आणि मिक्सर ती वजा करून टाकतो.

पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, बीसी557 ट्रान्झिस्टर मागितले होते, पैसे देताना आठवलं की त्याची मर्यादा 45 व्होल्ट. चालू करतानाच्या झटक्याला ती अपुरी पडू शकते. बीसी556 घेतले, 65 व्होल्टचे. दहा नग आणून मल्टीमीटरच्या एचएफईच्या (ट्रान्झिस्टर करंट किती पट करतो तो आकडा) भोकांत एकेक मोजला, त्यातून 284 आणि 287 ही जोडी निवडली. बायस (सिग्नल नसतानाचा करंट) एचएफईवर नाचतो, जोडी जमली नाही तर दोन पिनांचे व्होल्टेज जमत नाहीत.

तरी जमले नाहीतच. पिन 3 वर 31 व्होल्ट, पिन 2 वर 12. आणि हेडफोनमध्ये कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. दोन संध्याकाळी कथील काढ, कथील लाव. शेवटी सापडलं : माईककडून बेसकडे जाणारा इलेक्ट्रोलिटिक (प्लस-मायनस असलेला कपॅसिटर) उलटा. माईक म्हणजे उगम, म्हणून सवयीने प्लसचं टोक तिकडे लावलं होतं. पण इथे माईकवर पाचेक व्होल्ट आणि बेसवर तीस! उलटा कपॅसिटर गळत होता आणि बेसचा करंट ओढत होता. इलेक्ट्रोलिटिकच काढून 1 मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर बसवला, त्याला उलटं-सुलटं नसतंच. दोन्ही पिना 31 वर आल्या. म्हणजे 6.8 किलोओमवर 17 व्होल्ट, एका बाजूला अडीच मिलिअँप, एकूण पाच. फॅन्टमची मर्यादा 10, तेव्हा निम्म्यात काम.

उरलेली सळसळ झेनरची होती. झेनर आणि कॅप्सूलच्या लोडमध्ये 4.7 किलोओम आणि 100 मायक्रोफॅरड घातल्यावर ती विरली. कॅप्सूलवर आता 4.7 व्होल्ट मिळतात. सेलवर दीडच होते, म्हणून बुवांनी «जय जय रामकृष्ण हरी» म्हणत टिपेला नेलं आणि मागून झांजा आल्या की आवाज चिरायचा. आता चिरत नाही. मला सेलपासून सुटका हवी होती, हा फायदा वरकड मिळाला आणि खरं तर तोच मोठा निघाला.

मोबाईलची टर्रटर्र मात्र होती. आजोबांच्या बटणांच्या फोनवरून मुद्दाम कॉल लावला, 2जीवर चालणारा. सेकंदाला 217 वेळा धडधडणारा तो ट्रान्समीटर एफईटीला हमखास सापडतो. पिन 2 आणि 3 वरून पिन 1 ला एक-एक नॅनोफॅरड, पाय शक्य तितके तोकडे, आणि सगळं धातूच्या डबीत. डबी म्हणजे ॲल्युमिनियमची चुन्याची. ॲल्युमिनियमला कथील धरत नाही, म्हणून स्क्रूखाली टॅग दाबून पिन 1 जोडली. आता फोन डबीवरच ठेवला तर पुसट ऐकू येतं, वीतभर लांब नेला की नाही.

एकादशीला बुवांच्या कमरेला बांधली. त्यांनी डबी हातात घेऊन नखाने झाकण उचकटायचा प्रयत्न केला.

हिशेब विचाराल तर रोड कंपनीचा व्हीएक्सएलआर प्लस हा अडॅप्टर हेच काम तयार करून देतो, 12 ते 48 व्होल्टचं 3 ते 5 करतो. ज्याला फक्त रेकॉर्डिंग करायचंय त्याने तोच घ्यावा. मी आता झाकणाला छोटा स्क्रू मारतोय, आणि वायर ओढली गेली तर सॉकेट उखडू नये म्हणून आतून गाठ मारायची आहे. उपरण्याच्या खसखशीवर अजून काही सापडलेलं नाही. सध्या कॅप्सूल उलटी, तोंड खाली करून लावतो, थोडी कमी होते.