घाटात पाणी किती प्यायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"दादा, चिखलदऱ्याले सायकलनं जाऊन राहिलो, पाणी किती नेऊ?" आणि त्याच्या मागोमाग, "पावडर कोणती चांगली?" ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दोन प्रश्न दर आठवड्याला येतात. किती लिटर तेवढं सांगा, बाकी नको, असा आग्रह असतो. लिटर सांगता येत नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा माणूस माहिती दाबून राहिला. दाबत नाही. पूर्वी मी फटकन सांगत होतो: तासाला एक लिटर, तहान लागायची वाट बघू नका. त्या उत्तरानं काय झालं ते पुढे सांगतो.

आधी खाण्याचं, कारण ते त्यामानानं सोपं आहे. शरीरात साखरेचा साठा असतो तो स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास आणि यकृतात शंभरेक ग्रॅम. जोर लावून चालवलं तर दोन तासांत तो तळाला जातो. अमरावतीहून परतवाडा गाठेपर्यंत पन्नासेक किलोमीटर झालेले असतात, म्हणजे धामणगाव गढी सोडून खरा चढ लागतो तेव्हा साखरेचा हा डबा अर्धा रिकामा झालेला असतो. त्यानंतर सातशे मीटरहून जास्त उंची चढायची आहे. तिथे पायातलं बळ अचानक गेलं, हात थरथरले, कारण नसताना सोबत्यावर चिडचिड झाली, तर ती थकवा नसून भूक आहे. आणि त्या वेळी खाल्लेलं लगेच कामी येत नाही, वीस-पंचवीस मिनिटं जातातच. म्हणून पहिला घास सायकलवर बसल्यापासून पाऊण तासाच्या आत, भूक नसली तरी.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. सवय नसेल तर तिसापासून सुरुवात करा, नाहीतर पोट गच्च होईल. तीस ग्रॅम म्हणजे एक मोठं केळं, किंवा बाजारात मिळणारे साधे चार-पाच खजूर. गुळाचा सुपारीएवढा खडा दहा ग्रॅमचा धरा. नुसतं ग्लुकोज घेतलं तर आतडं तासाला साठेक ग्रॅमच्या वर घेऊ शकत नाही. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेनं आत जातं, आणि साखर-गुळात दोन्ही असतात. त्यामुळे महागड्या एनर्जी जेलच्या पाकिटात जे दोन घटक मिसळलेले असतात, ते आपल्या किराणा दुकानात आधीपासून आहेत.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची गूळ-पोळी. संक्रांतीची तिळाची नव्हे. रोजच्या पोळीला जेमतेम तूप पुसायचं, वीस ग्रॅम किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ भुरभुरून घट्ट गुंडाळी करायची, चार तुकडे करायचे. एका पोळीत चाळीस ग्रॅम कर्बोदकं मिळतात आणि तुकडा एका हातानं तोंडात जातो. शेंगदाणा चिक्की, तिळगूळ, आलूबोंडा, गिला वडा चांगले आहेत, पण घाट उतरून आल्यावर. तेल-तूप पोटात रेंगाळतं आणि चढावर रक्त पायांकडे गेलेलं असताना पोट आणखी मंदावतं. परतवाड्याला पोहे खाऊन वर निघायची सगळ्यांची पद्धत आहे. पोहे जरूर खा, प्लेटभर पोह्यांवर एक तास निघतो. तर्री घेऊ नका. तिखट-तेलकट रस्सा आणि हरभरे घेऊन अर्ध्या तासात चढाला लागलं की छातीत जळजळ ठरलेली. संत्र्यांच्या दिवसांत रस्त्यावर कोणी ना कोणी संत्री हातात देतंच. एका संत्र्यात दहा-बारा ग्रॅम साखर असते, सपाटीवर चार फोडी खा, चढाच्या तोंडाशी आंबट नको. घास असा खा की उभा चढ लागायच्या वीस मिनिटं आधी तो गिळलेला असेल. चढावर श्वास तोंडानं चालतो, तिथे चावणं जमत नाही.

बाटलीचं माप असं. ७५० मिलिलिटर पाण्यात ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, आणि एक निंबू. यात साखर पाच टक्क्यांच्या थोडी वर जाते. आठ टक्क्यांपर्यंत चालतं. दहाच्या वर गेलं की पोटातून लवकर पुढे सरकत नाही, उलट आतडं अंगातलं पाणी आत ओढतं आणि पोट डचमळतं. साखर-मिठाच्या पुड्या घरूनच बांधून न्या, पाणी भरलं की एक पुडी टाका. गूळ घालून पहाटे भरलेली बाटली ऊन तापलं की आंबायला लागते. दुसरी बाटली साध्या पाण्याची, घास गिळायला आणि मानेवर ओतायला. ओआरएसच्या पाकिटाचं विचारता म्हणून: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. ते जुलाबासाठी आहे. त्यानं मीठ मिळतं, घाट चढायची ताकद मिळत नाही.

दर्यापूर, अंजनगाव, अकोटकडचे लोक विचारतात की आमचं बोअरचं पाणी खारंच आहे, मग वेगळं मीठ कशाला? खारपाणपट्ट्यातलं खारेपण गावागणिक, विहिरीगणिक वेगळं असतं आणि सवय नसलेल्याचं पोट बिघडवतं. फिल्टरचं पाणी घ्या, मीठ मोजून टाका.

आता ती गोष्ट. संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही पाच जण अमरावतीहून पहाटे पाचला निघालो. त्यातला सगळ्यात धाकटा पोरगा ५४ किलोचा, साठ किलोमीटरच्या पुढे पहिल्यांदाच जाणारा. त्यानं विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं: तासाला एक लिटर. तो ऐकणारा पोरगा. लिटरच्या दोन बाटल्या, प्रत्येक थांब्यावर पुन्हा भरून घ्यायचा, साधं पाणी. केळी खाल्ली, खजूर खाल्ले, गूळ खाल्ला. सगळं गोड. चढावर त्याचा वेग ताशी सात किलोमीटर होता. थंडी इतकी की पाठीचा भाग सोडला तर त्याचा टीशर्ट कोरडाच होता. ते सगळ्यांना दिसत होतं, कोणाच्या डोक्यात शिरलं नाही.

चिखलदऱ्याच्या अलीकडे मोथ्याला पोहोचेपर्यंत साडेसहा तासांत सात लिटर पाणी पोटात गेलं होतं. सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "दादा, डोकं गच्च झालं." मग उलटी. उलटीत अन्न नव्हतं, नुसतं पाणी. आम्ही समजलो अशक्तपणा आला, पाणी कमी पडलं. एकानं बाटली तोंडाला लावली. मीच म्हणालो, थोडं थोडं पी. तो म्हणाला, "पाणी त पिऊनच राहिलो ना मी." हे वाक्य कानावर पडूनही त्याला आणखी अर्धा लिटर पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी त्यानं विचारलं, "परतवाडा आला का?" परतवाडा तीन तासांपूर्वी मागे पडला होता.

हातमोजे काढायला गेलो तर निघेनात. घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता, दोन्ही बाजूंनी कातडी वर आलेली. सकाळी तिसऱ्या भोकात सैल बसणारा पट्टा. बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या गायब होत्या. पाणी कमी पडलेल्या माणसाचे हात असे फुगत नाहीत, हे तेव्हा कळायला हवं होतं.

जीपनं खाली आणलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावायच्या आधी दोनच गोष्टी विचारल्या: सकाळपासून पाणी किती प्याला आणि लघवीला किती वेळा गेला? एकदाच, तेही पहाटे. रक्त तपासलं, सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, १२१. नेहमी १३५ ते १४५ असायला हवं. त्याला तीव्र मिठाचं सलाईन मोजून दिलं. संध्याकाळी लघवी सुटली, रात्री दहापर्यंत डोकं ताळ्यावर आलं.

हिशेब साधा आहे. त्या थंडीत, त्या वेगात त्याला तासाला जास्तीत जास्त ४०० मिलिलिटर घाम आला असेल. साडेसहा तासांचे २.६ लिटर. पाणी गेलं साडेसात लिटर. उरलेलं लघवीवाटे निघून जाईल असं वाटतं, पण लांब श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, मूत्रपिंड हात आखडतं. जास्तीच्या पाण्यानं रक्तातलं सोडियम विरळ होतं, पाणी पेशींमध्ये शिरतं, पेशी फुगतात. बोटांना फुगायला जागा आहे, कवटीच्या आत मेंदूला नाही. मीठ कमी पडलं हे खरं, पण मूळ कारण पाणी जास्त झालं हे. ओआरएस तेवढंच प्याला असता तरी तो सुटला नसता. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम खाली आलेलं निघालं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांना धोका सगळ्यात जास्त होता. ही माहिती २००५ पासून छापलेली होती. मी वाचली नव्हती.

तरीही माझं ते उत्तर सगळ्यांसाठी चूक होतं असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ८५ किलोचा माणूस घाट चढतो तेव्हा वाऱ्याचा झोत नसतो, घाम वाळत नाही, नुसता टपकतो. त्याला तासाला सव्वा लिटर घाम सहज येतो, त्याला एक लिटर जास्त होत नाही. घामावाटे वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरलं की ताकद ढासळायला लागते. मार्चनंतर आपल्याकडे उन्हाचा झटका ही खरी भीती आहे. मी पाणी कमी प्या म्हणत नाही. विदर्भात राहून असं कोण म्हणेल?

म्हणून घाम मोजा. लघवी करून, कमीत कमी कपड्यांवर वजन करा. तासभर नेहमीच्या जोरानं, चढ असेल तिथे चालवा. परत आल्यावर अंग कोरडं पुसून पुन्हा वजन. उतरलेला एक किलो म्हणजे एक लिटर. त्यात तेवढ्या वेळात प्यालेलं पाणी मिळवा, मध्ये लघवी केली असेल तर ती वजा करा. घरी काटा नसेल तर धान्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. थंडीत एकदा, उन्हात एकदा. जो आकडा येईल त्याच्या साठ-सत्तर टक्के प्या, घामाच्या आकड्याहून जास्त कधीच नाही. तासाला एक लिटरच्या वर बहुतेकांचं पोट घेतही नाही. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन गोळी घेऊन घाट चढू नका, ती मूत्रपिंडाला अडवते आणि सोडियम उतरण्याचा धोका वाढवते.

आणि कोणाला डोकेदुखी, उलटी, बोटं फुगणं, बरळणं सुरू झालं, तर पाणी पाजू नका. दवाखान्यात नेताना स्पष्ट सांगा: पाणी जास्त झालं असू शकतं, सोडियम तपासा.

त्या दिवसानंतर मी काही काळ सगळ्यांना सांगत होतो की तहान लागेल तेवढंच प्या. मग काही जण घाटमाथ्यावर सुकलेल्या ओठांनी आले. कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, आणि चढावर दम लागलेला असताना तहानेकडे लक्ष जात नाही. उतारावर गार वाऱ्यात तर अजिबातच नाही. आज मी दर पंधरा मिनिटांनी बाटलीची आठवण करून देतो, पण प्यायलाच हवं असं म्हणत नाही. हे बरोबर आहे का, मला खात्री नाही. प्रत्येक मोसमात थोडं बदलतो.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तेव्हा तीन गोष्टी कळवा: तुमचं वजन, तासाचा घाम आणि निघायची वेळ. त्यावरून बाटल्या किती आणि पुड्या किती ते बसून काढू.