इकडचा जुना लॅपटॉप आणि पुण्यातला अडॅप्टर

इकडून, म्हणजे परदेशातून, कुणी सुट्टीला पुण्याला निघालं की बॅगेत एखादा जुना लॅपटॉप असतोच, भाच्यासाठी नाहीतर बाबांसाठी. अडॅप्टर मात्र बऱ्याचदा इकडेच राहतो, आणि चांगलं मशीन 'चालू होत नाही' म्हणून माळ्यावर जाऊन पडतं. नुसतं तपासायचं असेल तर मूळ अडॅप्टरच हवा असं अजिबात नाही.

लॅपटॉप उलटा करा. तळाच्या स्टिकरवर किंवा बॅटरीच्या खोबणीत इनपुट छापलेलं असतं, समजा १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. व्होल्ट जुळायलाच हवेत. १९ आणि १९.५ मधला फरक चालून जातो, पण १६ व्होल्टच्या जुन्या थिंकपॅडला २० चा अडॅप्टर कधीही लावू नका. अँपिअर जास्त असले तरी हरकत नाही, लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. कमी असले तर अडॅप्टर तापतो, नाहीतर विंडोज उघडता उघडता मशीन बंद पडतं.

खरी फसगत पिनमध्ये होते. ५.५ × २.५ मिलिमीटरची (बाहेरचा आणि आतला व्यास) पिन ५.५ × १.७ च्या सॉकेटमध्ये जाते, पण सैल बसते आणि आत ठिणग्या पडतात. म्हणून तपकीर गल्लीत किंवा जुन्या बाजारात जाताना लॅपटॉप बरोबर न्या, नुसतं मॉडेल सांगून पिन आणू नका.

सेकंडहँड अडॅप्टर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावल्याशिवाय घेऊ नये. मीटर डीसी २०० वर ठेवा. २० च्या रेंजवर १९.९९ च्या पुढचं दिसत नाही, त्यामुळे २० व्होल्टचा चांगला अडॅप्टरही बिघडलेला वाटतो. मीटरच्या वायरचं लाल टोक (प्रोब) पिनच्या भोकात, काळा प्रोब बाहेरच्या नळीला. आकडा उणे आला तर पोलॅरिटी (धन-ऋण टोकं) उलटी आहे, तो अडॅप्टर परत द्या. डेलच्या जाड पिनमध्ये मधोमध बारीक सुई असते. ती पॉवरची नव्हे, लॅपटॉपला अडॅप्टरची ओळख पटवणारी. तिथे लाल प्रोब नळीच्या आतल्या भिंतीला टेकवा. ही ओळख पटली नाही तर मशीन चालतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मंदावतो. तपासणीपुरतं एवढं पुरे आहे.

इकडचा अडॅप्टर सापडलाच, तर त्यावर इनपुट १००-२४० व्होल्ट आहे ना ते बघा. बहुतेकांवर असतं. अमेरिकेतल्या वायरवर मात्र अनेकदा १२५ व्होल्टच छापलेलं असतं. ती बाजूला ठेवून तीन पाकळ्यांच्या टोकाची आपली थ्री-पिन पॉवर कॉर्ड घ्या.

आता बॅटरी काढा. फुगलेली असेल तर ती परत बसवायचीच नाही. पॉवर बटण ३० सेकंद दाबून ठेवा, सोडा, मग अडॅप्टर जोडा. पिन आत जाताच अडॅप्टरचा दिवा विझला तर मदरबोर्डवर किंवा जॅकमध्ये (पिनच्या सॉकेटमध्ये) शॉर्ट आहे. अडॅप्टर स्वतःला वाचवतोय, पुन्हापुन्हा लावून बघू नका. दिवा टिकला आणि स्क्रीन उजळली तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) जाऊन १५ मिनिटं तसंच राहू द्या. तारीख चुकलेली असेल तर बटण-सेल संपलाय, बहुधा सीआर २०३२. शेवटी पिन हलकेच हलवा. मशीन गचकन बंद पडलं तर जॅक सैल झालाय. बऱ्याच मॉडेलमध्ये तो वायरसकट सुटा मिळतो, बोर्डला हात लावावा लागत नाही.