माचणूरला भीमेकाठी एक रात्र: तीन पोरं, दोन तंबू आणि वरनं सुटलेलं पाणी

धाकटीची उजव्या पायातली गुलाबी चप्पल या घडीला भीमेवरच्या औजच्या बंधाऱ्याला जाऊन टेकली असावी. डाव्या पायातली घरी आहे, आणि ती टाकूही देत नाही.

नाताळच्या सुट्टीतल्या शनिवारी आम्ही माचणूरला मुक्कामाला गेलो होतो. आम्ही दोघं, आमची दोन (थोरला दुसरीत, धाकटी साडेचार वर्षांची), नणंद, तिचे मिस्टर आणि त्यांचा पाचवीतला मुलगा. सोलापुरात तंबू घेऊन निघालो म्हटलं की लोक विचारतात, "कुठं, महाबळेश्वरला काय?" चाळीसेक किलोमीटरवर एवढी मोठी नदी आहे, पण चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की तेवढ्यापुरतीच ती आपल्याला आठवते.

मंगळवेढा रोडने तिऱ्हे, कामती, बेगमपूर, आणि पूल ओलांडला की माचणूर. रस्ता चांगला आहे, तासाभरात पोचता. फक्त अंधार पडायच्या आत पोचा. या दिवसांत कारखाने चालू असतात आणि उसाच्या डबल ट्रॉल्या मागं दिवा ना रिफ्लेक्टर अशा चालतात. पुढच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येतात, पण मागची ट्रॉली दिसत नाही.

गावात शिरल्यावर आधी सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं. दगडी तट, खाली नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आणि पात्रातच उभं असलेलं एक छोटं देऊळ. पोरांना तेच देऊळ आवडलं, कारण पाणी चढलं की ते बुडतं. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत इथंच, शेजारच्या ब्रह्मपुरीला, होती. चार वर्षं! आमची एका रात्रीत दमछाक झाली. बादशहाच्या छावणीलाही १६९७ साली भीमेच्या पुराचा तडाखा बसला होता, म्हणजे नदीकाठी तंबू ठोकून पस्तावलेले आम्ही काही पहिलेच नव्हतो.

मुक्काम देवळाजवळ नाही केला. ती पूजेची जागा आहे, तिथं चूल पेटवून बसणं बरं दिसत नाही. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या मामांचं रान तिथून पुढं नदीला लागून आहे, त्यांना आठवडाभर आधीच विचारून ठेवलं होतं. ओळख नसेल तर गावात जाऊन सरळ विचारा. लहान पोरं बरोबर आहेत म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. पण न विचारता कुणाच्या बांधावर तंबू लावू नका.

आता तंबूचं. बॉक्सवर चार माणसांचा लिहिलेला तंबू म्हणजे दोन मोठी आणि दोन झोपेत न लोळणारी पोरं. आमची लोळतात. काळ्या रानात खुंट्या बसत नाहीत. डिसेंबरात भेगा पडायला लागलेल्या असतात, खुंटी एक तर भेगेत बुडते नाही तर वाकते. शिवाय भेगेत विंचू असतो. मामांनी आम्हाला वरच्या अंगाला मुरमाड तुकडा दाखवला. तंबूबरोबर आलेल्या बारक्या खुंट्या तिथं पहिल्या दोन ठोक्यांतच वाकल्या. नणंदेच्या मिस्टरांनी गॅरेजमधून सळईचे वीतभर तुकडे कापून आणले होते म्हणून निभावलं. आधी जागा खराट्याने झाडून घ्या. सराटे तंबूच्या तळातून वर येतात आणि मग पोरांच्या तळव्यात जातात. खाली जुनी ताडपत्री, आत दोन सोलापुरी चादरी, वर एक रग, एवढं पुरतं. थंडी आहे, पण खरी पंचाईत दवाची. पहाटे तंबू आतूनही ओला होतो. वरची जाळीची खिडकी थंडी वाजली तरी बंद करू नका, नाहीतर छतावरून थेंब टपकतात.

उसाच्या फडापासून लांब राहा. साप, रानडुक्कर, दोन्ही तिथूनच येतात. सकाळी बूट झटकल्याशिवाय पोरांच्या पायात घालू नका. १०८ नंबर लागतो का, म्हणजे मोबाईलला रेंज आहे का, हे तंबू ठोकायच्या आधी बघा. जवळचा सरकारी दवाखाना कुठं आहे तेही गावात विचारून घ्या.

संध्याकाळी पोरांना पाण्यावर नेलं. इथं मी फार कडक होते आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. भीमेच्या पात्रात वाळू उपसलेले खड्डे असतात. वरून पाणी घोट्याएवढं दिसतं, पुढच्याच पावलाला मोठा माणूस बुडेल. म्हणून नियम असा होता की पोरांनी काठावरच्या ओल्या मातीत खेळायचं, पाण्यात फक्त पाय, तेही मोठ्यांचा हात धरून. मोठ्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याचा मोबाईल दुसऱ्याच्या खिशात. चौघं मिळून लक्ष ठेवतो म्हटलं की कुणाचंच लक्ष नसतं. आणि काठावरून पाणी उपसायच्या मोटारींच्या केबली गेलेल्या असतात, काहींना नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. पोरं त्याला दोरी समजतात. पहिल्या पाच मिनिटांत त्या केबली दाखवून ठेवा.

हे पाणी प्यायचंही नाही आणि भांडी विसळायलाही नाही. पुण्याची मुळा-मुठा उजनी धरणाच्या वर भीमेला मिळते, खाली पंढरपूर आहे, आणि त्याच्याही खाली आपण बसलेलो. वीस लिटरचे दोन जार नेले होते, सात माणसांना रविवारी दुपारपर्यंत कसेबसे पुरले.

थोरल्याने शाळेतल्या प्रयोगासारखी एक काठी पाण्याच्या कडेला रोवली आणि कुठंपर्यंत पाणी आहे तिथं लाल रिबीन बांधली. "सकाळी बघू या कमी झालंय का." चिखलाच्या चपला धुऊन तिथंच दगडावर वाळत ठेवल्या. मीच ठेवल्या.

जेवणाचं सोपं होतं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, घरून केलेले धपाटे आणि दही. गरम काहीतरी हवं म्हणून खिचडी. चुलीला नदीतले गोटे लावू नका, आत ओल असली की तापल्यावर ते फुटतात आणि कपच्या उडतात. मामांनी विटा दिल्या. मग ज्वारीच्या कणसांचा हुरडा झाला. मामा गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजत होते आणि गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून, कोवळे हिरवे दाणे धाकटीच्या ओंजळीत टाकत होते. एरवी ताटातली भेंडी मोजून खाणारी ही पोरगी मामांच्या मांडीला टेकून तासभर खात होती. हुरड्यासाठी डिसेंबरची अखेर ते जानेवारी हेच दिवस. मार्चनंतर तर या काठावर पोरांना घेऊन जाण्यात अर्थ नाही, उन्हाने तंबूत भाजून निघतील.

रात्री दोनला मोटार चालू झाली. शेतीची लाईट रात्रीची होती. अंधारात बॅटरीचा झोत तंबूवर फिरला, नणंद किंचाळली, तिन्ही पोरं उठली. मामाच होते. "झोपा ताई, मोटार टाकायला आलोय." पुन्हा झोप लागायला चार वाजले. लाईटची पाळी रात्रीची की दिवसाची, हे आधी विचारून ठेवा.

सकाळी काठी दिसेना. जवळ गेल्यावर कळलं, ती होती तिथंच होती, पण रिबीन पाण्याखाली दोन वीत गेली होती आणि चपलांचा दगड गायब. आकाशात ढग नाही, पाऊस नाही. मी मामांना विचारलं तर ते हसायलाच लागले. "वरनं पाणी सोडलंय की उजनीतनं. तुमच्या सोलापूरलाच चाललंय. पेपरात वाचला नाहीत काय?"

वाचलं होतं. चार दिवसांपूर्वी चहा पिताना वाचलं होतं, आणि "बरं झालं, आता नळाला पाणी येईल" असं म्हणून पान उलटलं होतं. आपल्या पिण्यासाठी सोडलेलं पाणी भीमेतूनच औजला जातं आणि टाकळीहून उपसून शहरात येतं, हे सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वाटेतल्या काठावर झोपायला जाताना मात्र ते आठवलं नाही. पाणी पोचायला दिवस लागतात, म्हणून सोडल्याची बातमी आणि आपली तारीख एकदा जुळवून बघा, आणि गावातल्या मोटारवाल्यांना विचारा, त्यांना आधी कळतं. नदीवर जागोजागी बंधारे आहेत. बंधाऱ्याची दारं काढली की खालचं संथ पाणी एकदम ओढ घेतं, तेव्हा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला तर बसूच नका. आमचा तंबू वरच्या मुरमावर होता म्हणून एका चपलेवर भागलं. मला खरं तर खाली, पाण्याशेजारच्या सपाट वाळूवर लावायचा होता. फोटो चांगले आले असते.

एक गुलाबी चप्पल झुडपात अडकलेली सापडली, थोरल्याच्या दोन्ही सापडल्या. पोरांची शी-शू मामांच्या घरच्या संडासात झाली, पण रात्रीसाठी खुरपं आणि कागद जवळ ठेवा. खड्डा पाण्यापासून शंभर पावलं तरी लांब.

ओला तंबू तसाच गुंडाळून आणला तर वास मारतो, म्हणून घरी आल्यावर गच्चीवर उभा केला. पोरांनी तो तीन दिवस काढू दिला नाही, तिन्ही रात्री तिथंच झोपली. शेवटी धाकटी म्हणाली, "आई, इथं बरंय, संडास जवळ आहे." पहिल्यांदा जाणार असाल तर नदीच्या आधी गच्चीवर दोन रात्री काढून बघा. किती उशा लागतात, कोण घाबरतं आणि कोण घोरतं, सगळं तिथंच कळतं.