केसचं कपाट आणि हिशेबाची वही

वस्तीतल्या मोफत कायदेशीर मदत केंद्रात वकील काय करतात ते लोकांना दिसतं. केंद्र चालवणारे सात किंवा नऊ विश्वस्त काय करतात, हे मात्र खुद्द त्या विश्वस्तांनाही नीट माहीत नसतं. मग चांगल्या मनाची माणसं चुकीच्या जागी हात घालतात. केसच्या फायली वाचतात, आणि बँकेच्या पासबुकाकडे वर्षभर बघत नाहीत. व्हायला हवं बरोबर उलटं.

आधी फायलींचं. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय बाहेर जाऊ शकत नाही. आधी पुरावा कायद्यात कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात कलम १३२ आहे. वकिलाचे कारकून, दुभाषे आणि नोकर यांनाही तेच बंधन आहे. विश्वस्त या यादीत नाहीत. म्हणजे घरगुती हिंसाचाराच्या अर्जाची फाईल अध्यक्षांनी कळकळीने वाचली, तरी त्या बाईचं संरक्षण तिथे पातळ झालं. उद्या विरुद्ध बाजूने अध्यक्षांनाच साक्षीला बोलावायचं ठरवलं, तर 'मी सांगू शकत नाही' असं म्हणायला त्यांच्या हातात भक्कम आधार नाही. म्हणून कपाटाची किल्ली समन्वयक आणि वकिलाकडेच असावी, आणि तसा ठराव इतिवृत्तात असावा.

मग विश्वस्तांनी कामावर लक्ष ठेवायचं कसं? महिन्याला एक पान, नावांशिवाय. नवी प्रकरणं किती आणि कोणत्या प्रकारची, बंद किती, एका वकिलाकडे चालू किती, पहिल्या भेटीसाठी किती दिवस थांबावं लागतं, मोफत वकील देणाऱ्या सरकारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किती जण पाठवले, आणि किती तारखा चुकल्या. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात वकील गैरहजर म्हणून अर्ज निकाली निघाला, तर तो पुन्हा उभा करायला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि कित्येक महिने लागतात. दोन महिने हा आकडा शून्याच्या वर असेल, तर वकील आळशी आहे असं धरू नका. बहुतेक वेळा प्रकरणं जास्त घेतलेली असतात.

किती प्रकरणं घ्यायची हे ठरवणं विश्वस्तांचंच काम आहे, वकिलाचं नाही. समोर रडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं वकिलाला जमत नाही, जमूही नये. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. अनुदान मात्र मार्चला संपतं. त्यामुळे आज उघडलेली फाईल हा पुढच्या तीन-चार वर्षांचा खर्च आहे, असं धरून मर्यादा ठरवावी आणि सहा महिन्यांचं मानधन वेगळं ठेवावं. ते नसेल तर अनुदान थांबल्यावर वकीलपत्र मागे घेण्याची पाळी येते, आणि ते भोगतो पक्षकार.

मानधनाबद्दल एक गोष्ट नवीन संस्थांच्या लक्षात येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली चालू असताना वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, आणि वकील नसलेल्या कुणाशी फी वाटून घेता येत नाही. म्हणून वकील पॅनेलवर, प्रकरणागणिक किंवा दिवसागणिक मानधनावर. वकीलपत्र त्यांच्या स्वतःच्या नावाने. पूर्णवेळ पगारावर समन्वयक आणि विधी स्वयंसेवक. पॅनेलवरचा वकील विश्वस्त नको. स्वतःचं मानधन ठरवणाऱ्या बैठकीत तोच बसणार, आणि विश्वस्ताला दिलेला लाभ आयकर खातंही बारकाईने तपासतं.

हितसंबंधांची नोंद दर एप्रिलला ताजी करावी. प्रत्येक विश्वस्ताने लिहून द्यायचं: स्वतःचे आणि जवळच्या नातेवाइकांचे व्यवसाय, भाड्याने दिलेली घरं, कोणत्या सोसायटीत पदाधिकारी, कोणत्या बिल्डरशी व्यवहार. नवा पक्षकार आला की समन्वयक समोरच्या पक्षाचं नाव या यादीशी ताडतो. इथे फसगत होते ती नावांमुळे. बाईचं माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव आणि आधारवरचं नाव अशी तिन्ही तपासा. नाव जुळलं तर पक्षकाराला कोर्टातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात पाठवा. बाई असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न बघता तिला मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. आणि त्या विश्वस्ताला यातलं काहीही कळवू नका, सौजन्य म्हणूनसुद्धा नाही. कामवाल्या ताईंनी पगार बुडवल्याची तक्रार केली आणि संध्याकाळपर्यंत ती मालकिणीच्या कानावर गेली, तर त्या वस्तीतून पुन्हा कुणी येणार नाही.

त्याच कारणाने, ज्या वस्तीत केंद्र आहे तिथे झोपडपट्टी पुनर्वसनाचा प्रकल्प करणाऱ्या विकासकाची देणगी घेऊ नये. रक्कम कितीही मोठी असो.

समितीत वस्तीतली दोन-तीन माणसं हवीत, आणि ती फोटोपुरती नकोत. बैठक सकाळी अकराला ठेवली की धुणीभांडी करणाऱ्या ताई आपोआप वगळल्या जातात. रविवारी संध्याकाळी ठेवा, समाजमंदिरात ठेवा. रिक्षाभाडं द्या, ताळेबंद मोठ्याने वाचून समजावा, इतिवृत्त मराठीत लिहा.

आता वही. संस्था १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. वर्ष ३१ मार्चला संपत असेल, तर लेखापरीक्षण ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवं. चेकवर दोन सह्या, त्यातली एक खजिनदाराची, आणि कोऱ्या चेकवर आगाऊ सही कधीच नाही. पक्षकाराच्या पोटगीची किंवा तडजोडीची रक्कम संस्थेच्या खात्यातून जाऊ देऊ नका, ती थेट त्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे. कोर्ट फीच्या नावाने पैसे मागितल्याची कुणकुण लागली तर लगेच चौकशी करा. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्तेचा वाद अशा प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे.

सर्वाधिक संस्था अडकतात त्या चेंज रिपोर्टवर. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. सोबत बैठकीची नोटीस, ती पोहोचल्याचा पुरावा, इतिवृत्ताची नक्कल, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र आणि ओळखीचे कागद, गेलेल्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर टाकली आणि नियमावलीत 'लेखी, सात दिवस आधी' असं असलं, तर तिथेच हरकत निघते. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे साखळी तुटणं. मागचा बदल नोंदलाच गेला नाही, त्या माणसांनी पुढची निवड केली, त्यांनी आणखी पुढची. परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, मात्र दहा वर्षांपूर्वीची नावं, त्यातली दोन हयात नाहीत. बँक सह्या बदलून देत नाही आणि वकिलांचं मानधन थकतं. यावर उपाय एकच: सर्वांत जुन्या बदलापासून एकेक अर्ज क्रमाने दाखल करत यायचं. त्यासाठी जुनी नोटीस वही आणि इतिवृत्ताची पुस्तकं लागतात. म्हणून कुणी विश्वस्त पद सोडत असेल, तर राजीनाम्यावर सही घेताना त्याच्या घरी संस्थेचं कोणतं रजिस्टर आहे ते विचारा आणि त्याच दिवशी परत आणा.