जोगेश्वरीहून सहा इराणी खुर्च्या: खुर्ची उलटी करून बघा, टेम्पोचा भाव लिहून घ्या

आधी टेम्पोचं सांगते, कारण चार दिवस झाले तरी डोकं शांत झालेलं नाही. जोगेश्वरी ते कोथरूड, सहा खुर्च्या आणि एक आरसा, ठरलेले ६,५०० रुपये, "सगळं धरून". रात्री साडेअकराला गाडी आमच्या बिल्डिंगखाली लागली आणि चालकाने ९,५०० मागितले. चढाईचे वेगळे, उतराईचे वेगळे, दुकानापाशी थांबल्याचे वेगळे, वर रिकामं परत जाण्याचे. पैसे हातात पडल्याशिवाय दोरी सोडायला तयार नाही. भाऊ सोबत होता म्हणून ८,००० वर मिटलं. एकटी असते तर मागितले तेवढे मोजले असते.

म्हणून हे आधी करा. चढाई, उतराई, मजला, टोल, थांबण्याचे पैसे आणि परतीचं भाडं, या सहा गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून चालकाचं "हो" घ्या, मगच दुकानदाराला पैसे द्या. एकदा पैसे दिले की माल तुमचा आणि तो रस्त्यावर पडलेला. त्यानंतर भाव ठरवणं तुमच्या हातात राहत नाही.

मला हव्या होत्या इराणी हॉटेलात असतात तशा वाकवलेल्या लाकडाच्या, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या. ओळखीच्या एकांनी छातीठोकपणे सांगितलं, शुक्रवारी चोरबाजारात जा. पहाटेची गाडी पकडून दादर, तिथून ग्रँट रोड, पुढे चालत मटन स्ट्रीट. दुकानांची शटरं खाली! शुक्रवारी भरतो तो रस्त्यावरचा जुना बाजार. तिथे हत्यारं, सुटे भाग, घड्याळं मिळतील, पण जुन्या फर्निचरची दुकानं त्या दिवशी बंद असतात. फर्निचर हवं असेल तर शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी जा. रात्री दादरला मावशीकडे राहिलो, छान गेली संध्याकाळ.

शनिवारी जोगेश्वरी पश्चिम. एस. व्ही. रोडला लागून रिलीफ रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये जुन्या फर्निचरचा बाजार आहे. कपाटं एकावर एक तीन-तीन, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि खरा माल पोटमाळ्यावर. लोखंडी शिडी चढायची तयारी हवी. टॉर्च, मोजपट्टी, भिंग आणि छोट्या बाटलीत स्पिरिट बरोबर असेलच. नसेल तर जाऊ नका, कारण अंधारात पॉलिश मारलेली प्रत्येक वस्तू जुनीच दिसते.

पहिल्या दुकानात एका खुर्चीचे ७,५०० सांगितले. "मॅडम, असली बर्मा टीक है, १९१० की." खुर्ची उलटी केली. बैठकीच्या कड्याच्या आत कागदी चिठ्ठी, तिच्यावर चेकोस्लोव्हाकिया. हा देशच १९१८ साली जन्माला आला! शिवाय या खुर्च्या सागाच्या नसतातच. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने १८५९ मध्ये ही चौदा नंबरची खुर्ची बाजारात आणली. बीच लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायच्या. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, बस. सुट्या केल्या की ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, म्हणून जहाजाने कुठेही पाठवणं परवडायचं. युरोपातल्या अशा कारखान्यांचा माल मुंबईच्या इराण्यांकडे आला तो याच सोयीमुळे. बीचवर बारीक तपकिरी रेघोट्या असतात, पॉलिश उडालेल्या जागी भिंगाने दिसतात. साग सांगणारा एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतोय.

नक्कल ओळखायची जागा म्हणजे पाठीची कमान. अस्सल खुर्चीत मागचे दोन्ही पाय आणि बाहेरची कमान ही एकच अखंड काठी असते. पायापासून माथ्यापर्यंत आणि परत खाली बोट फिरवा. सांधा किंवा लांबी (पुट्टी) भरलेली जागा लागली की उठा. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू दिसले तर ते १९३० नंतरच्या दशकांतले, म्हणजे निदान दुरुस्ती झालेली. तेवढ्याने खुर्ची नाकारू नका, भाव मात्र पाडा. आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाका. लाखेचं जुनं पॉलिश चिकट होतं, आजच्या मेलामाइन पॉलिशला काही होत नाही. भोकांतून ताजा पिवळा भुसा पडत असेल तर किडा जिवंत आहे. ती वस्तू फुकटसुद्धा घरात आणू नका.

पाच दुकानांत फसवणूक बघून मी परत निघाले होते. पाय बोलत होते, पाणी संपलं होतं. पॉलिशवाल्याच्या पत्र्याच्या शेडशेजारी एक पांढरं दार दिसलं, म्हणून आत डोकावले. काय दुकान! पांढऱ्या भिंती, वस्तूंमध्ये भरपूर मोकळी जागा, एका कोपऱ्यात फक्त हंड्या, दुसऱ्यात लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, भिंतीवर एनॅमलच्या जाहिरात-पाट्या, आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेलं कार्ड. त्यावर लाकूड, काय दुरुस्त केलंय आणि किंमत. माझ्या खुर्च्यांच्या कार्डावर स्वच्छ लिहिलेलं: "बीच. दोन बैठका फाटलेल्या. चार स्क्रू नवे." दिवसभरात पहिल्यांदा कुणी खरं सांगितलं. चांगल्या चार ४,८०० रुपयांना एक, फाटलेल्या दोन ३,५०० ला. घासाघीस केलीच नाही आणि तुम्हीही इथे करू नका. ज्या बाजारात सगळे शंभर वर्षं सांगतात, तिथे दुरुस्ती लिहून देणाऱ्याला पूर्ण पैसे मिळायलाच हवेत.

भिंतीवरची देवीची तसबीर मालकांनी स्वतःच "नवीन छपाई" म्हणून दाखवली. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, त्यामुळे त्याच्या चित्रांच्या नकला आपल्याकडे भरपूर. भिंगाखाली सारख्या अंतरावर रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आजची छपाई.

परदेशातल्यांसाठी एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. दुकानदार कौतुकाने बिलावर "१०० वर्षे जुने" लिहून देतो आणि कस्टममध्ये तेच अंगाशी येतं. बिलावर खरं वय लिहून घ्या. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी काढा, कंटेनर भरल्यावर नाही.

फाटलेल्या दोन बैठका अंधांच्या संस्थेत विणायला दिल्या आहेत. तिथे भोकं मोजून दर सांगतात. बाकीच्या चारांचा वेत सैल होता. खालून ओला फडका फिरवून रात्रभर सावलीत ठेवल्या, सकाळी ताणून बसला होता. उन्हात मात्र ठेवू नका, वेत तडकतो.